कापसातली सात पिलं

मुकटीच्या भिकुअक्काकडे ससा विकत घ्यायला गेलेल्या माणसाला आधी बोलणी खावी लागतात, ससा मिळालाच तर नंतर. ठेवणार कुठे, घरावर पत्रा की स्लॅब, दारात कुत्रं आहे का, पोरांची सुटी संपली की त्याच्याकडे कोण बघणार, हे सगळं ती उभ्या उभ्या विचारते. उत्तर पटलं नाही तर पाणीही न विचारता वाटेला लावते. मागे पारोळ्याचे एक गुरुजी लेकीच्या वाढदिवसासाठी ससा मागायला आले होते. वाढदिवस एक दिवसाचा असतो आणि ससा आठ वर्षं जगतो, एवढं ऐकवून तिने त्यांना फाटक दाखवलं. गुरुजी अजून तिचं नाव काढलं की तोंड वाकडं करतात.

तिचं वय साठ-बासष्ट. धुळ्याहून पारोळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या थोडं आत घर, घरामागे कडुनिंबाखाली पत्र्याचं छप्पर आणि छपराखाली जाळीचे अठरा पिंजरे. गाव तिला अक्का म्हणतं, मुलगा प्रेमराज अक्का म्हणतो आणि सून दिपमालाही अक्काच म्हणते. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. पण खरं सांगायचं तर ती ज्या गोष्टींवर चिडते त्यातल्या बहुतेकांवर शहाण्या माणसाने चिडायलाच हवं. लोक चिडत नाहीत, म्हणून ती सगळ्यांच्या वाट्याचं एकटी चिडते.

तिचे नियम ठरलेले. मादी पुरती वाढल्याशिवाय नराकडे न्यायची नाही. न्यायची तर मादीला नराच्या पिंजऱ्यात, नराला मादीच्या पिंजऱ्यात कधीच नाही, आणि काम झालं की लगेच परत. त्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरात एक टिंब. तिथून अठ्ठाविसाव्या दिवशी पिंजऱ्यात लाकडी खोका आणि गव्हाचं काड, एकतिसाव्या दिवशी पिलं. पिलं अंगावर पीत असताना मादीला पुन्हा नर दाखवायचा नाही. दीड महिन्याच्या आत पिलू आईपासून तोडायचं नाही. आणि होळी पेटली की आषाढ लागेपर्यंत सगळं बंद, कारण आपल्याकडच्या उन्हात माणसाचा जीव नकोसा होतो, तर अंगभर लोकर घेऊन जाळीत बसलेल्या गाभण जनावराचं काय होत असेल. हे एवढं एकच कारण ती सांगायची. बाकी नियमांचं कारण कुणी विचारलं तर उत्तर एकच, मी सांगते म्हणून. चूक इथेच होती, पण ती कळायला फार उशीर लागला.

खानदेशात अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेक माहेरी जाते, मग ती विशीतली असो की साठीतली. अक्काचं माहेर पहूर. भाऊ पितांबर अजून हयात आहे आणि दरसाल फोन करून बोलावतो, म्हणून ती अखजीला चार दिवस गेली. इकडे प्रेमराजने त्या चार दिवसांत नर उचलला आणि भुरी नावाच्या मादीच्या पिंजऱ्यात सोडून दिला. भुरी पहिलटकरीण. प्रेमराज टेम्पो चालवतो, त्याचं जळगावला जाणं-येणं असतं. तिथे नवीन नावाच्या माणसाचं पाळीव प्राण्यांचं दुकान आहे. त्याला शाळा उघडायच्या सुमारास ससे हवे होते, आणि तेही नुकते डोळे उघडलेले, मुठीत मावतील असे, कारण गिऱ्हाईक तेवढ्यालाच भुलतं. मोठा झाला की म्हणे ससा ससाच दिसतो. प्रेमराजने हो म्हणून टाकलं होतं.

अक्का परत आली तेव्हा तिला काही कळलं नाही. पंधरा दिवसांनी भुरीने चारा टाकणाऱ्या हाताला नखं मारली, तेव्हा तिला शंका आली. तिने भुरीला मांडीवर घेऊन पोटाखालून हळूच बोटं फिरवली. द्राक्षाएवढ्या गोळ्या ओळीने लागल्या. वैशाखाचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं आणि अक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्रेमराज जेवत होता. तिने त्याच्यासमोरचं ताट ओढून बाजूला ठेवलं.

"उन्हाळामां जनावर गाभण करस का कोनी? तू पंखाखाले झोपस, ती जाळीमां झोपस."

प्रेमराजने आधी खाली मान घालून ऐकलं, मग तो पण चिडला. एकाच मादीचा तर प्रश्न आहे, म्हणाला, धंदा म्हणतात याला. अक्काने विचारलं, नर कोणत्या दिवशी लागला ते तरी सांग. ते त्याला सांगता येईना. अखजीच्या दिवशी सोडला होता आणि तिसऱ्या दिवशी काढला, मधे काय झालं ते बघायला तो तिथे होता कुठे? अक्काने कॅलेंडरापुढे उभं राहून तीन दिवसांवर तीन टिंबं काढली, आणि चौथं टिंब काढावं तशी पेन्सिल भिंतीवर फेकली. त्या दिवसापासून ती भुरीच्या पिंजऱ्यावर दिवसातून चार वेळा गोणपाट ओलं करून टाकायची आणि प्रत्येक वेळी मुलाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बडबडायची.

नेमका भुरी विणार त्याच आठवड्यात धुळ्याच्या नेत्रशिबिरात तिचा नंबर लागला. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायचा होता. डाव्या डोळ्यातलाही पिकत आला होता, त्याचा नंबर पुढे. ती जायला तयार नव्हती. पण ही तारीख गेली तर पुन्हा दिवाळीपर्यंत थांबावं लागलं असतं. तिने बोटं मोजली. मधलं टिंब खरं धरलं तर भुरी गुरुवारी विणार, आणि ती बुधवारी संध्याकाळी परत येणार होती. खोका लावला, काड पसरलं, पाण्याचं मडकं जवळ ठेवलं. दिपमालाला बजावलं, पिंजऱ्याकडे फिरकलीस तरी हात म्हणून लावायचा नाही, जे काय करायचं ते मी आल्यावर. का हात लावायचा नाही, ते नेहमीप्रमाणे सांगितलं नाही.

भुरी बुधवारी व्याली, खरं टिंब पहिलं निघालं. आणि तिकडे धुळ्यात डॉक्टरांनी अक्काला डोळ्यात लाली दिसते म्हणून तीन दिवस जास्त ठेवून घेतलं. ती घरी आली शनिवारी दुपारी.

उजव्या डोळ्यावर पट्टी, वर काळा चष्मा, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोळ्याला पाणी लावायचं नाही, अशी सगळी बंधनं घेऊन ती रिक्षातून उतरली आणि घरात न जाता सरळ मागे गेली. दिपमाला पिंजऱ्यापाशीच होती. तिचा चेहरा उजळला होता. तिने सांगितलं, बुधवारी पहाटे भुरीने पिलं खोक्यात न घालता जाळीवर इकडे-तिकडे टाकली होती, उघडी, गुलाबी, बोटाएवढी. पिलांखाली अंथरायला मादी अंगावरची लोकर उपटते, तीही तिने उपटली नव्हती. दिपमालाने सातही पिलं उचलली, तळहातावर धरून ऊब दिली आणि खोक्यात ठेवली. काड टोचेल म्हणून गोधडीसाठी पिंजून आणलेला कापूस होता, त्याची चांगली जाड गादी केली.

अक्काने खोक्यात हात घातला. दिसत काहीच नव्हतं, एका डोळ्यापुढे काळोख आणि दुसऱ्यापुढे धुकं. पण बोटांना कळलं. कापूस गोळा झाला होता आणि त्या गोळ्यात पिलं अडकली होती. पिंजलेल्या कापसात पिलं रात्रंदिवस वळवळतात, आणि आपण मांडीवर वात वळतो तशी त्यांच्या पायाभोवती कापसाची वात आपोआप वळली जाते. एक वळसा, दोन वळसे, मग ती केसासारखी बारीक आणि तारेसारखी घट्ट होते. पाय सुजतो, काळा पडतो. दोन पिलं गार होती. एकाच्या तर मानेभोवतीच फास होता.

"कापूस घालाले कोनी सांगं तुले?"

अक्काचा आवाज रस्त्यापर्यंत गेला असेल. दिपमाला मागे सरकली. मग एकदम जिथल्या तिथे उभी राहिली आणि हळू, पण स्पष्ट बोलली.

"मना पोऱ्याले तुम्हीच ठेवं व्हतं ना कापूसमां, अक्का."

चार वर्षांपूर्वी दिपमालाला सातव्या महिन्यात मुलगा झाला होता. दवाखान्यात नेईपर्यंत अक्कानेच त्याला कापसात गुंडाळून पोटाशी धरलं होतं, कारण अपुऱ्या दिवसांच्या लेकराला कापसातच ठेवतात, तिच्या सासूनेही तेच केलं असतं. पोर एक दिवस जगलं. कापसाने ते गेलं नव्हतं, उलट दवाखान्यापर्यंत पोचलं ते कापसामुळेच. दिपमालाने आपल्याला जी काळजी माहीत होती ती केली होती. आणि दुसऱ्याचं बरोबर निघालं की अक्काला दुप्पट राग यायचा. तिने नखं कापायची लहान कात्री, सुई आणि खोबरेल तेलाची बाटली मागवली. स्वतः कात्री हातात घेतली आणि पहिल्याच पिलाजवळ तिला कळलं, की आपल्याला दोरा दिसत नाही, पाय दिसत नाही, कात्री कुठे टेकलीय तेही दिसत नाही.

कात्री तिने सुनेच्या हातात दिली. आयुष्यात पहिल्यांदा.

दुपारभर दोघी छपराखाली बसल्या. अक्काने पिलू धरायचं, दिपमालाने तेलाचं बोट फिरवून दोरा सैल करायचा, सुईच्या टोकाने उचलायचा आणि कापायचा. दिपमालाचा हात गार झाला की अक्का ओरडायची, घाई केली की ओरडायची. दिपमालाच्या कपाळावरचा घाम डोळ्यात उतरत होता, तो तिने पुसला नाही, पण एकाही पिलाला कात्रीचं टोक लागलं नाही. पाच पिलं मोकळी झाली. त्यातल्या एकाचा मागचा उजवा पंजा काळा ठिक्कर पडला होता, तो पुढे चार दिवसांनी गळून पडला. मेलेली दोन पिलं दिपमालाने निंबाखाली पुरली. खोक्यात आता नुसतं चुरलेलं काड, आणि भुरीच्या पोटावरची अक्काने हलकेच काढलेली मूठभर लोकर.

एवढ्यावर हे मिटायला हरकत नव्हती. पण घरात अक्काची मोठी जाऊ रत्नाबाई येऊन बसली, आणि जिथे रत्नाबाई बसते तिथे काही मिटत नाही. तिने पिंजऱ्यात डोकावून बघितलं तर भुरी एका कोपऱ्यात आणि पिलं दुसऱ्या कोपऱ्यातल्या खोक्यात. सकाळी बघितलं तेच, दुपारी बघितलं तेच. झालं. रत्नाबाईने निकाल दिला, की मादीने पिलं टाकून दिली, आणि का टाकली ते उघड आहे, दिपमालाचा हात लागला म्हणून. तिच्या हाताला यश नाही, पोटचं राहिलं नाही ते दुसऱ्याचं काय राहणार. हे ती ओट्यावर बसून, तंबाखू मळत, चार बायांच्या देखत बोलली. संध्याकाळपर्यंत ते प्रेमराजच्या कानावर गेलं. त्याला स्वतःची चूक टाकायला जागा हवीच होती. त्याने बायकोला सांगितलं, उद्यापासून पिंजऱ्याकडे जायचं नाही.

दिपमाला गेली नाही. स्वयंपाक करायची, वाढायची, स्वतः दोन घास खाल्ल्यासारखे करायची आणि उरलेला वेळ ओसरीत भिंतीला पाठ लावून आपल्या हातांकडे बघत बसायची.

आणि अक्का गप्प होती. याचाच मला राग येतो, तिच्यावर. कारण तिला सगळं माहीत होतं. सशाची मादी पिलांवर कोंबडीसारखी बसत नाही, दिवसातून एकदा, फार तर दोनदा, तेही पहाटेच्या वेळी खोक्यात शिरते, तीन-चार मिनिटं दूध पाजते आणि निघून जाते, हे तिला माहीत होतं. माणसाच्या हाताला सरावलेली मादी हात लागला म्हणून पिलू टाकत नाही, हे माहीत होतं. आणि कापसाचं तर गावात तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी तिच्या पहिल्या मादीची पहिली नऊ पिलं तिने घरच्या कापसात, मऊ हवं म्हणून, कौतुकाने ठेवली होती. पाचव्या दिवशी नऊच्या नऊ मेली. ती तिने शेतात नेऊन पुरली आणि घरात, गावात सांगितलं, उन्हाने गेली. त्यानंतर तिने पिंजऱ्यापाशी कापसाचं बोंडही येऊ दिलं नाही, पण का ते कुणाला सांगितलं नाही. पुढे सशांतलं तिला फार कळतं असं चार लोक म्हणायलाही लागले. जी बाई दुसऱ्याला उठता-बसता बोलते तिने स्वतःचं हे बोलायचं कसं?

पण पंजा गळालेलं पिलू गप्प बसू देईना. दूध प्यायच्या वेळी बाकीची चार त्याला तुडवून पुढे जायची. एका पायाने त्याला रेटा देता येत नव्हता. पहाटे भुरीला धरून त्याला एकट्याला आधी लावायला हवं होतं. अक्काने दोन पहाटा प्रयत्न केला. डोळ्याने आचळ सापडेना, वाकलं की डोळ्यात कळ जायची, आणि भुरी दोनदा निसटली. दुसऱ्या दिवशी पिलाच्या पोटाला सुरकुत्या पडल्या होत्या. ते तळहातावर धरून ती अंधूक उजेडात बराच वेळ बसली. स्वतःवरच इतकी संतापली होती की दात आवळून आवळून तिची कानशिलं दुखायला लागली.

मग ती उठली आणि ओरडून सगळ्यांना उठवलं. प्रेमराज डोळे चोळत आला. पलीकडच्या दारातून रत्नाबाई आली, कारण ओरडणं ऐकून ती यायची राहते थोडीच. दिपमाला उंबऱ्यावरच थांबली. अक्काने तिला पुढे बोलावलं. प्रेमराज मधे काही म्हणायला लागला, तर अक्काने त्याला हाताने गप्प केलं.

"अकरा वरीस व्हयनात," ती म्हणाली. "मनी पह्यली नऊ पिलं मीच कापूसमां मारी टाकात. उन्हानी नही. मी. हिना हातमां काही दोष नही शे. हिना हात व्हता म्हनीसन पाच जगनात."

रत्नाबाईने विचारलं, मग आजवर का सांगितलं नाहीस. अक्काने तिच्याकडे बघितलं नाही. लाज वाटली, एवढंच म्हणाली. मग प्रेमराजकडे वळून तिने जळगावच्या नवीनला कळवायला सांगितलं, की दीड महिन्याच्या आत इथून पिलू जाणार नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात नराच्या पिंजऱ्याला कुलूप लागेल. प्रेमराज मान हलवून आत गेला. रत्नाबाईही गेली, पण लगेच नाही, आधी खोक्यात वाकून पाहिलं आणि मग गेली.

छपराखाली दोघीच उरल्या. अक्काला वाटलं होतं, आता सून रडेल, पाया पडेल, नाहीतर निदान बरं वाटल्यासारखं काहीतरी म्हणेल. तसलं काही झालं नाही. दिपमालाच्या तोंडावर असा राग होता, जो सहा वर्षांच्या संसारात या घराने पाहिला नव्हता.

"चार वरीस मी मनाच हातले दोष दिना," ती म्हणाली. "बाया बोलेत, मी आयकी लिये. तुम्हले माहीत व्हतं, लहान जीव कसा जास ते. चुकीबी जास मानूस, हे माहीत व्हतं. एक डाव तरी सांगतात मले."

दिपमालाने पदर खोचला, पिंजऱ्याचं दार उघडलं आणि भुरीला सराईतासारखी मांडीवर घेऊन उताणी केली. मग तिने हात पुढे केला.

"आना ते पिलू इकडे. अन तुम्ही आते हात नका लावा. डोया बरा व्हस तोपावत मीच दखसू."

अक्काने पिलू तिच्या तळहातावर ठेवलं. दिपमालाने ते भुरीच्या पोटाशी धरलं, बोटाने लोकर बाजूला केली आणि त्याचं तोंड नेमकं जिथे हवं तिथे टेकवलं. अक्काला दिसलं नाही, फक्त पिलाचा चुकचुक आवाज ऐकू आला. ती पुढे वाकून काहीतरी सांगायला गेली, तेवढ्यात सुनेने मान वर करून तिच्याकडे पाहिलं, ते तिला धुक्यातूनही कळलं, आणि अक्का दोन पावलं मागे जाऊन उभी राहिली.